दुसऱ्यांदा म्हणजे कितव्यांदा?

नोकरीला लागून मला सातच महिने झाले होते. पाटबंधारे खात्याच्या एका उपविभागात कनिष्ठ लिपिक, टेबल आवक-जावकचं. २०१९ च्या फेब्रुवारीतल्या एका दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लोटून घ्यायला सांगितलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी आठला लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या ऑफिसात हजर व्हायचं. कुणाला सांगायचं नाही. घरीसुद्धा नाही."

मला आठवलं ते दिवाळीतलं काजूकतलीचं खोकं. एका ठेकेदारानं सगळ्या टेबलांवर एकेक ठेवलं होतं. माझं मी घरी नेलं आणि आईनं ते शेजारीपाजारी वाटूनही टाकलं. घशाला कोरड पडली. "सर, ते खोकं मी..." एवढंच तोंडातून निघालं.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "पंच म्हणून जायचंय. आरोपी म्हणून नाही."

पंच म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं जत्रेतल्या कुस्तीच्या फडात पांढरे कपडे घालून फिरणारे गृहस्थ येत. रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी त्या ऑफिसात आणखी एक पंच आले होते, कृषी खात्यातले, पन्नाशीचे. त्यांची ही दुसरी वेळ, त्यामुळं डबा घेऊनच आलेले. समोर खुर्चीच्या टोकावर सत्तरीचे एक काका बसले होते. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, मांडीवर कागदांची पिशवी. काकी जाऊन आठ महिने झाले होते. त्यांच्या नावावरच्या दोन एकराला वारस नोंद लावायची होती. अर्ज दिला, मृत्यूचा दाखला दिला, प्रतिज्ञापत्र दिलं. तलाठी रावसाहेबांनी आठ हजार मागितले.

काकांना आपल्या कामापेक्षा वेगळीच धास्ती होती. "देणाराबी गुन्हेगार म्हणं. मग मी आत जायाचो का?"

पोलीस निरीक्षकांनी समजावून सांगितलं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा. २०१८ च्या जुलैत त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि लाच देणंही सरळ गुन्हा ठरलं. पण ज्याला नाइलाजानं द्यावी लागली त्यानं सात दिवसांत पोलिसांना कळवलं तर तो सुटतो. आणि जो आधी तक्रार करून, सापळ्यासाठी म्हणून पैसे देतो, त्याला हे कलम लागतच नाही. काकांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

पहिला दिवस पडताळणीचा. मागणी खरंच होतेय का, हे आधी बघतात. मी काकांची भाची. त्यांच्या खिशात आवाज टिपणारं छोटं यंत्र. तलाठी कार्यालय म्हणजे शाळेशेजारची एक खोली, दोन कपाटं, भिंतीवर गावाचा नकाशा. रावसाहेबांनी माझ्याकडं बघून विचारलं, "ह्या कोण?" काका म्हणाले, "भाची हाय. तालुक्याला दवाखान्यात न्यायचीय." आठाचे पाच हजार झाले. "उद्या आणा. परवा मी मीटिंगला आहे." एवढं साधं. आवाजात धमकी नाही, लाज नाही. भाजीवाला भाव तोडून देतो तसं.

परत येताना निरीक्षक मला म्हणाले, "उद्या तुम्ही पंच क्रमांक एक. हाताच्या अंतरावर राहायचं. दिसलं पाहिजे आणि ऐकू आलं पाहिजे. दोन्ही." मला वाटलं, नवशिकी म्हणून सांगताहेत. त्या वाक्यामागं केवढं प्रकरण आहे, ते कळायला पाच वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी काकांनी पाचशेच्या दहा नोटा आणल्या. काढल्या होत्या सोसायटीतून. सापळ्याचे पैसे तक्रारदाराचेच असतात, हे ऐकून मी चाट पडले. "सरकार परत देतं नंतर," कृषीवाले पंच डबा सोडता सोडता म्हणाले. नोटांचे नंबर मी एकेक वाचून दाखवले, हवालदारानं पंचनाम्यात लिहिले. मग एका शिपायानं बाटलीतली अँथ्रासीनची पांढरट पूड कापसानं नोटांवर फिरवली. साध्या डोळ्यांना काही दिसत नाही. खिडक्या लावून, दिवे मालवून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली नोटा धरल्या तेव्हा त्या निळसर झगमगल्या. लहानपणी गणपतीत रंगीत कागदामागं बल्ब लावायचो, तसा तो उजेड.

त्याच दिव्याखाली आम्हा सगळ्यांचे हात पाहिले. कोरे. काकांचा खिसा पाहिला आणि कुणीतरी म्हणालं, "अरे, टोपी!" काकांची टोपी अंधारात फिकट निळी उजळली होती. शर्टाची कॉलरही. मी मनात म्हटलं, संपलं, आता काकाच आरोपी. निरीक्षक हसले. धुण्याच्या पावडरीत कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून एक रसायन घालतात, तेही या दिव्याखाली चमकतं. "लिहा," ते हवालदाराला म्हणाले, "टोपी व शर्ट यांवर फिकट चमक दिसली, नोटांवरील चमकेहून वेगळी." तीन ओळी वाढल्या. उकाड्यात बंद खोलीत त्या तीन ओळी मला अगदीच फालतू वाटल्या होत्या.

पूड लावणाऱ्या शिपायानंच नोटा काकांच्या डाव्या खिशात ठेवल्या, कापूस जाळला, साबणानं हात धुतले. तो आमच्याबरोबर येणार नव्हता. पूड हाताळलेला माणूस सापळ्याच्या ठिकाणी नको. काकांना तीनतीनदा बजावलं, "मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत. नमस्कार लांबून. खिशाला हात नको. पैसे घेतले की टोपी काढून कपाळ पुसायचं."

साडेबारा वाजले होते. रावसाहेब सातबारा काढत होते. दोन माणसं रांगेत. ती गेली. काका म्हणाले, "माझ्या कामाचं काय झालं?"

"होईल की. ठरलेलं आणलंय का?"

काकांनी नोटा पुढं केल्या. रावसाहेबांनी हात पुढं केला नाही. टेबलाचा खण ओढला आणि हनुवटीनं खूण केली. काकांनी नोटा खणात टाकल्या. आता? पैसे 'घेतले' म्हणायचं की नाही? काकाही टोपीला हात लावावा की नाही या विचारात. मला दरदरून घाम. तेवढ्यात रावसाहेबांनी सवयीनं, अगदी बँकेतल्या कॅशियरसारख्या, उजव्या हातानं नोटा उचलल्या, डाव्या हातावर मोजल्या आणि परत खणात टाकल्या. काकांनी टोपी काढली.

पुढचं सगळं पाच सेकंदांत झालं. चारपाच माणसं आत, दोघांनी रावसाहेबांची दोन्ही मनगटं धरलेली. खिडक्यांवर पोती लावली. दिवा लागला. उजव्या हाताची बोटं आणि डावा तळवा निळे. खणातल्या रजिस्टरवर नोटा पडल्या होत्या तिथं निळा आयत. दुसऱ्या पंचांनी नोटांचे नंबर ताडून पाहिले. रावसाहेब एकच म्हणाले, "शेतसाऱ्याचे पैसे आहेत."

एक जुने हवालदार त्यांच्याकडं बघत राहिले होते. हळू आवाजात म्हणाले, "रावसाहेब, परत?"

बाहेर शाळा सुटावी तशी गर्दी. "दुसऱ्यांदा सापडला!" कुणी सांगत होतं, "तेराला शेजारच्या तालुक्यात धरला होता की." मला त्या क्षणी फार बरं वाटलं. दुसऱ्यांदा म्हणजे आता काही सुटत नाही. जीपमध्ये मी निरीक्षकांना विचारलंच, "सर, दुसऱ्यांदा म्हणजे शिक्षा दुप्पट ना?"

"दुसऱ्यांदा सापडला, मॅडम," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा दोषी नाही ठरला. त्याचं पहिल्यांदाच अजून व्हायचंय."

मला वाटलं, शब्दांचा खेळ करताहेत. घरी येऊन कायदा काढून वाचला. समजायला चार वाचनं लागली. लोकसेवकानं लाच घेतली तर कलम ७, शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात. पुन्हा गुन्हा करणाऱ्यासाठी वेगळं कलम १४, किमान पाच वर्षं, कमाल दहा. वाचून मी खूश. मग पहिली ओळ पुन्हा वाचली. या कायद्याखाली जो आधी दोषी ठरला आहे आणि त्यानंतर गुन्हा करतो, त्याला हे कलम. सापडलेल्याला नव्हे, दोषी ठरलेल्याला. २०१३ चा खटला २०१९ मध्येही चालूच होता. म्हणजे गावाच्या हिशेबानं रावसाहेब दुसऱ्यांदा आणि कायद्याच्या हिशेबानं शून्यांदा.

जुन्या कायद्यात तर कलम १३ मध्ये 'सवयीनं' लाच घेणं हा गुन्हा वेगळा लिहिलेला होता. २०१८ च्या दुरुस्तीत तो शब्द गेला. आता त्या कलमात दोनच गोष्टी उरल्या, ताब्यातल्या मालमत्तेचा अपहार आणि उत्पन्नापेक्षा जास्त संपत्ती. शिक्षा चार ते दहा वर्षं. सवय मोजायची तर आता ती निकालांतच मोजायची.

मग हा माणूस २०१३ नंतर पुन्हा सजेवर आला कसा? (तलाठ्याकडच्या गावांच्या गटाला 'सजा' म्हणतात. हे मला तेव्हा कळलं आणि उगाच हसू आलं.) याचं उत्तर आमच्याच आस्थापनेच्या टेबलावर मिळालं. अटकेत अठ्ठेचाळीस तासांहून जास्त राहिला की कर्मचारी निलंबित मानला जातो, हे १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत आहे. पण निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे. पहिले तीन महिने अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता, पुढं तो वाढू शकतो. खटला वर्षानुवर्षं लांबला की घरी बसवून पगार देण्यापेक्षा कामावर घेतलेलं बरं, असा हिशेब होतो. आधी बाजूच्या टेबलावर, मग जागा रिकामी म्हणून मूळ कामावर. एकाही पायरीवर नियम मोडलेला नाही. मीच ती फाईल हाताळली असती तर मीही तशीच टिपणी लिहिली असती.

आमच्या प्रकरणात नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याची खटल्याला मंजुरी लागली. त्याला कायद्यानं तीन महिन्यांची मुदत आहे, फार तर एक महिना वाढवून. दोषारोपपत्र गेलं. खटला दोन वर्षांत संपवायचा प्रयत्न करावा आणि मुदतवाढ धरून साधारण चार वर्षांच्या पुढं जाऊ नये, असं त्याच कायद्यात लिहिलंय. मध्ये कोविडची दोन वर्षं गेली. माझं लग्न झालं, बदली झाली, मुलगी झाली. समन्स आलं ते २०२४ च्या जानेवारीत. सापळ्याला पाच वर्षं व्हायला एक महिना कमी.

साक्षीच्या आधी सरकारी वकील मॅडमनी बोलावलं. मी पहिल्यांदा २०१३ च्या खटल्याचं विचारलं. "तो २०२१ ला निर्दोष सुटला," त्या म्हणाल्या. तक्रारदार साक्षीआधीच वारला होता. राहिला पंच क्रमांक एक. तो कोर्टात म्हणाला, "पंचनाम्यावरची सही माझी आहे. मी ओट्यावर उभा होतो. आत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही." हातावर पूड सापडली होती, नोटा सापडल्या होत्या. पण मागणी सिद्ध झाली नाही, आणि मागणीशिवाय नुसते पैसे सापडणं म्हणजे लाच नव्हे. संशयाचा फायदा मिळाला.

'दिसलं पाहिजे आणि ऐकू आलं पाहिजे. दोन्ही.' आता उलगडा झाला.

मॅडमनी पुढं सांगितलं की २०२२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं नीरज दत्ता खटल्यात निर्णय दिला. तक्रारदार मेला किंवा फितूर झाला तरी मागणी आणि स्वीकार इतर साक्षीदारांवरून, परिस्थितीवरून सिद्ध करता येतात. "तेरातल्या पंचाला ऐकू आलं असतं तर तेव्हाही भागलं असतं," त्या म्हणाल्या. मला रात्री तो माणूस डोळ्यांपुढं येत राहिला. ओट्यावर उभा. आठ वर्षांनी त्याला काय आठवणार? आठवत असूनही विसरला असेल का? मला ठाऊक नाही. मीही तशीच ओट्यावर राहिले असते. निरीक्षकांनी हाताच्या अंतरावर राहा म्हटलं म्हणून आत गेले.

कोर्टात पुकारा झाला. शपथ घेतली. सरतपास वीस मिनिटांत संपला. काका हयात होते, त्यांची साक्ष आदल्या तारखेला झाली होती. ते बाकावर बसून माझ्याकडं बघत होते. टोपी नवी होती.

उलटतपासाला बचावाचे वकील उठले आणि मला तासभर घोळवत राहिले. खण डावीकडचा की उजवीकडचा? तुम्ही उभ्या होता की बसला होता? तलाठ्यानं 'पैसे' हा शब्द उच्चारला का? नाही, 'ठरलेलं' म्हणाले. शेतसाराही ठरलेलाच असतो ना? मी सांगितलं, आदल्या दिवशी माझ्यासमोर आठाचे पाच हजार ठरले, शेतसाऱ्यात घासाघीस होत नाही. न्यायाधीशांनी मान वर केली. वकील म्हणाले, "विचारलंय तेवढंच सांगा."

मग मी ती चूक केली. त्यांनी विचारलं, "आरोपीनं असं केलं नाही, तुम्ही खोटं सांगताय, बरोबर?" मी चिडून म्हटलं, "हे आधीही सापडलेत!" वकील ताडकन उठले, सरकारी मॅडमनी डोळे मिटले. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "ते लिहू नका." टंकलेखकाची बोटं थांबली. नंतर मॅडमनी सांगितलं, माणूस आधी कसा होता यावरून आज त्यानं गुन्हा केला असं ठरवता येत नाही. आधी निर्दोष सुटलेल्या माणसाचं तर नावही काढायचं नाही. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट त्या एका खोलीत बोलायची नव्हती. मला त्याचा राग आला. आणि संध्याकाळी बसमध्ये वाटलं, उद्या कुणी माझ्यावर बालंट घेतलं आणि कोर्टात ते काजूकतलीचं खोकं काढलं तर?

शेवटी टोपी आली. "दिव्याखाली तक्रारदाराची टोपीही चमकत होती, खरं की नाही?"

"खरं."

ते न्यायाधीशांकडं वळून हसले. "म्हणजे ज्याच्यावर पूड लावलीच नाही, तेही चमकतं."

"ते नोटा खिशात ठेवायच्या आधीच दिसलं होतं," मी म्हणाले. "फिकट होतं, वेगळं होतं. पंचनाम्यात लिहिलंय."

पंचनामा उघडला गेला. उकाड्यात लिहिलेल्या त्या तीन फालतू ओळी मोठ्यानं वाचल्या गेल्या. वकील बसले.

साक्ष माझ्यासमोर टंकलेखकानं उतरवली. तिचं मराठी माझ्या तोंडचं नव्हतं. "हे म्हणणे खरे नाही की, मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे." असली 'हे म्हणणे खरे नाही' चौदा होती. मी सगळी वाचून सही केली.

निकाल त्याच वर्षी लागला. पैसे स्वीकारल्याचं सिद्ध झालं की ते लाचेचेच होते असं कायदा गृहीत धरतो, आणि शेतसाऱ्याची सबब रावसाहेबांना पावतीनं, नोंदवहीनं, कशानंच दाखवता आली नाही. तीन वर्षं सक्तमजुरी आणि दंड. मी पेपरात वाचलं आणि वकील मॅडमना फोन केला. "आत गेले?"

"जामिनावर आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत असली की अपिलापुरती ती स्थगित करायचा अधिकार त्याच कोर्टाला असतो. हायकोर्टात गेलेत."

मी गप्प राहिले. त्यांना कळलं असावं. "नोकरी मात्र जाईल," त्या म्हणाल्या. "दोषी ठरल्यावर वेगळी खातेचौकशी लागत नाही, घटनेच्या ३११ व्या कलमातच ती सूट आहे. आणि एक लक्षात घ्या. अकरा वर्षांनी का होईना, कागदावर त्यांचं पहिल्यांदा झालं."

माहिती अधिकारात उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये, फार तर पंचवीस हजारांपर्यंत दंड असतो. तेच तो सातत्यानं करत राहिला तर आयोग शिस्तभंगाची शिफारस करतो. तिथं निदान 'सातत्य' मोजतात, पण जेल नाही. इथं जेल आहे, पण सातत्य मोजायला आधी एक निकाल लागतो. आणि त्या निकालाच्या बुडाशी एक पंच असतो, बहुधा कनिष्ठ लिपिक, ज्याला आदल्या दुपारी कुणी तरी केबिनमध्ये बोलावून दार लोटून घ्यायला सांगितलेलं असतं.

काकांची वारस नोंद, बरं का, सापळ्यानंतर नव्या तलाठ्यानं लावून दिली. पाच हजारही परत मिळाले, पण पाचशेच्या त्याच नोटा नव्हत्या, म्हणून काका जरा खट्टू होते.

मागच्या महिन्यात आमच्याकडं नव्यानं लागलेला मुलगा माझ्या टेबलाशी आला. चेहरा पांढराफटक. साहेबांनी कुणाला सांगायचं नाही म्हणून सांगितलंय, एवढंच म्हणाला आणि गप्प झाला. मी कुठं, कशाला, काही विचारलं नाही. सगळं वाचल्याशिवाय सही करू नकोस, टोपीसुद्धा लिहून घ्यायला लाव, असं सांगितलं. टोपीचं त्याला काही कळलं नाही.

"आणि आत जा," मी म्हणाले. "ओट्यावर उभा राहू नकोस."